बँडच्या गिगचे फोटो: साधा कॅमेरा आणि त्यातलाच फ्लॅश, कसं जमवायचं?

रात्रीची_लोकल:
मंडळी, मदत हवीय. मित्रांचा चौघांचा बँड आहे, मराठी रॉक वाजवतात, येत्या शनिवारी खारला एका छोट्या क्लबमध्ये गिग आहे आणि फोटो मी काढायचेत. माझ्याकडे कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि वर उघडणारा तो फ्लॅश, बास. जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, काढून बघितले तर फ्लॅश लावला की चेहरे पांढरेफटक आणि मागे नुसता काळोख, आणि फ्लॅश बंद केला की गिटारवाल्याचा हातच दिसत नाही, सगळं हललेलं. स्टेज फूटभर उंच आहे, अगदी समोर उभं राहता येईल. नवीन लेन्स आत्ता शक्य नाही. पोरांनी खूप मेहनत घेतलीय, पोस्टरवर लावता येईल असा एक तरी फोटो त्यांना मिळायला हवा.

डार्करूम_दादर:
मिळेल की. ऑटोवर फ्लॅश उघडला की कॅमेरा शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, साधारण १/६० सेकंदाच्या आसपास ठेवतो आणि सगळं काम फ्लॅशवर सोडतो, म्हणून स्टेजचे लाइट फोटोत येतच नाहीत. एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, फ्लॅशचा उजेड इतक्या कमी वेळापुरता असतो की शटर स्लो केल्याने त्याच्यात काहीच फरक पडत नाही, शटरने फक्त स्टेजचे लाइट कमीजास्त होतात. म्हणजे चेहरा फ्लॅशने आणि माहोल शटरने, दोन्ही वेगवेगळे तुझ्या हातात. एम म्हणजे मॅन्युअल मोडवर जा, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तितकं जास्त) ४, लेन्स १८ ते २४ च्या मध्ये, शटर १/१५, आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे फ्लॅशचा जोर, मायनस एक करून सुरुवात कर, चेहरा तरीही भडक वाटला तर मायनस दीड-दोन. मग मेनूत फ्लॅश कंट्रोलमध्ये जाऊन शटर सिंक सेकंड कर्टन कर, म्हणजे फ्लॅश शटर बंद होताना पडतो, त्यामुळे हात हलतो त्याची रेघ आधी पडते आणि शेवटी फ्लॅश पडून हात कडक येतो. तीच रेघ फर्स्ट कर्टनला, म्हणजे फ्लॅश सुरुवातीलाच पडला तर, हाताच्या पुढे जाते आणि विचित्र दिसते.

कोपऱ्यातली_सीट:
मी जरा वेगळं सांगतो. आधी बँडला आणि क्लबवाल्यांना विचार की फ्लॅश चालेल का, कारण अंधारात तोंडावर सारखा फ्लॅश पडला की वाजवणाऱ्याचं लक्ष जातं आणि समोर पैसे देऊन आलेल्या लोकांचीही मजा जाते. मोठ्या शोंना तर बहुतेक ठिकाणी फोटोग्राफरला पहिली तीनच गाणी आणि फ्लॅश बंद असाच नियम असतो. बिनफ्लॅशचे पण काढच. लेन्स १८ वर ठेवलीस तर एफ ३.५ मिळतं, ५५ वर ५.६ च, म्हणून झूम न करता पायाने पुढे जा. आयएसओ ३२००, शटर १/८०, आणि गायक लांब सूर धरून थांबतो ना, तेव्हा दाब, त्या क्षणी माणूस जवळजवळ स्थिर असतो. रॉ मध्ये काढ, म्हणजे जेपेग न करता कॅमेऱ्याची मूळ फाइल, नंतर सुधारायला जास्त वाव राहतो. नुसता लाल एलईडी पडला की चेहऱ्यातलं सगळं डिटेल जातं, असे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून वाचवता येतात. आणि फोटोत आडवे पट्टे आले तर एलईडी लुकलुकतायत समज, शटर १/१०० किंवा १/५० वर आण, बऱ्याचदा पट्टे जातात.

कच्छी_ढोल:
मी लालबाग-चिंचपोकळीला आगमनाच्या मिरवणुकांत बेंजो पार्ट्यांचे फोटो काढतो, तिथे हीच सेकंड कर्टन ट्रिक वापरतो. ताशाच्या काड्यांची रेघ काय सुंदर येते! ड्रमरचं मात्र कोणी सांगितलं नाही. गायक दीड मीटरवर आणि ड्रमर तीन मीटरवर असेल तर ड्रमरला फ्लॅशचा चौथा हिस्साच उजेड मिळतो, समोरून दोघांना एकत्र घ्यायला गेलास की एक जळणार नाहीतर दुसरा बुडणार. त्याच्यासाठी दोन गाणी वेगळी ठेव, स्टेजच्या बाजूने जा आणि तोच तुला सगळ्यात जवळ असेल असं बघ. प्रत्येक बँडमध्ये ड्रमरचेच फोटो नसतात, फार वाईट वाटतं राव त्या पोराला. आणि गायकाच्या अगदी समोर नको उभा राहू, माइकची सावली थेट तोंडावर पडते, माइक धरलेल्या हाताच्या उलट्या बाजूला जा.

रात्रीची_लोकल:
खूप खूप आभार सगळ्यांचे! गुरुवारी जॅमरूमला हे सगळं करून बघतो, क्लबला पण विचारतो. अजून एक, फोर्टच्या बोरा बाजारात, तिथल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत, सेकंडहँड बाहेरचा फ्लॅश बघू का? छतावर मारला की उजेड मऊ येतो म्हणतात.

डार्करूम_दादर:
क्लबचं छत काळं असेल तर वर मारून काही परत येणार नाही, फ्लॅशच्या डोक्याला मागून पांढरं कार्ड रबरबँडने लाव, ते चालतं. पण घेताना सांभाळून, १५००डीच्या हॉटशूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला गोल कॉन्टॅक्ट नाहीये, त्यामुळे फक्त त्या एका पिनवर चालणारे जुने मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटतच नाहीत. कॅननला चालणारा ईटीटीएलवालाच (कॅमेऱ्याशी बोलून उजेड आपोआप ठरवणारा) बघ, कॅमेरा सोबत ने आणि दुकानातच लावून दहा-वीस वेळा मारून बघ, मगच पैसे दे. शनिवारसाठी घाई करू नकोस, आहे तो फ्लॅश पुरेल. फोटो टाक इथे, ड्रमरचा आधी.