डोळे पिवळे दिसले तर

बी-१०४: एक शंका आहे. डोळे पिवळट दिसले म्हणजे कावीळच का? की जागरणानेही होतं?

सी-५०२: जागरणाने डोळे लाल होतात, पिवळे नाही. आधी दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा, दिव्याखाली रंग फसवतो. खालची पापणी ओढून वर बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांतला पांढरा भाग सगळीकडे सारखा पिवळा असेल तर बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढलंय. बुबुळाशेजारी नाकाच्या बाजूला फक्त एक पिवळट उंचवटा असेल तर ती कावीळ नव्हे.

ए-३०१: आणि तळहात पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र, हे गाजरं जास्त खाल्ल्यानेही होतं. लिव्हरचा संबंध नाही.

सी-५०२: बरोबर. आता लघवीचा रंग विचारा, अर्धं निदान तिथेच होतं.

बी-१०४: ते कसं काय काकू?

सी-५०२: लाल पेशी फुटून तयार होणारं बिलिरुबिन (रिपोर्टात 'इनडायरेक्ट') पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीत उतरत नाही. लिव्हरने प्रक्रिया केलेलं 'डायरेक्ट' मात्र उतरतं. डोळे पिवळे आणि लघवी नेहमीसारखी असेल तर पेशी फुटतायत किंवा गिल्बर्ट सिंड्रोम. लघवी काळ्या चहासारखी असेल तर लिव्हर किंवा पित्तनलिका. वर शौच पांढुरकी आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची वाट अडलीय, खडा किंवा गाठ.

ए-३०१: गिल्बर्ट ऐकून घाबरू नका हं. जन्मजात असतं, उपास किंवा ताप आला की बिलिरुबिनचा आकडा थोडा वाढतो, बहुधा ३ च्या (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर) आतच राहतो. औषध लागत नाही.

डी-२०२: लॅबच्या बाजूने सांगतो. बिलिरुबिन १.२ पर्यंत ठीक, डोळ्यांत दिसायला साधारण २.५ ते ३ लागतं. म्हणजे डोळे पांढरे दिसले तरी रिपोर्ट बिघडलेला असू शकतो. एलएफटीसोबत (लिव्हरच्या रक्ततपासण्या) पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) करा. बिलिरुबिनच्या आकड्यावर सगळे अडकतात, पण लिव्हर काम करतंय की नाही हे आयएनआर जास्त सांगतं. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) याही तपासण्या करा. सोनोग्राफीआधी ६ ते ८ तास काही खाऊ नका, नाहीतर पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत.

ए-३०१: गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, काढे आणि पावडरीसुद्धा. टीबीची औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात, पण ती मनाने बंद करायची नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळीतही असतं, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. दारू पूर्ण बंद.

बी-१०४: लगेच हॉस्पिटल कधी?

सी-५०२: थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय, म्हणजे अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग. बडबड, गुंगी, झोपेची वेळ उलटीपालटी होणं. काळी शौच, हिरड्यांतून रक्त. गरोदर बाई असेल तर थांबायचंच नाही, हिपॅटायटिस ई त्यांना फार जड जातो.

डी-२०२: तान्ह्या बाळाचं राहिलं काकू.

सी-५०२: हो. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. १४ दिवसांनंतरही टिकला तर डायरेक्ट बिलिरुबिन बघा. बाळाची शी पांढुरकी असेल तर पित्तनलिका बंद असू शकते, आणि ती शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तरच चांगला फायदा होतो. नुसतं कोवळं ऊन दाखवत बसू नका.