मदत हवी आहे: ब्रेक ऑइल घरीच बदलायचंय

साताऱ्यात कुणी घरी ब्रेक ऑइल बदलतं का? माझी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, २३० पीएसची टर्बो पेट्रोल, इंजिन ऑइल-फिल्टर मी स्वतःच करतो पण ब्रेकला अजून हात लावला नाही. परवा कासवरून यवतेश्वर घाट उतरताना पेडल एकदम मऊ लागलं, चूक माझीच, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) टाकून तीन वर्षं झालीत आणि ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं, नवं असताना २३० डिग्रीपर्यंत तरी उकळत नाही पण पाणी धरलं की १५५ लाच उकळू शकतं, आणि उकळलं की वाफ होऊन पेडल मऊ पडतं. आता एकट्याने नळी-बाटली लावून जमतं का, सुरुवात कुठल्या चाकापासून, आणि एबीएसमधलं (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जुनं ऑइल काढायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतोच का? पोरं मागे बसतात ओ, अंदाजपंचे नको. प्रेशर ब्लीडर (दाबाने नवं ऑइल ढकलायचं यंत्र) असेल कुणाकडे तर भाड्याने पण चालेल, तोवर गाडी घाटात नेत नाही.