बोरघाटातली रेल्वे आणि जेम्स बर्कली: श्रेय नक्की कोणाचं?

लोहमार्गी
परवा पुण्याला येताना मंकी हिलच्या आसपास समोरच्या कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "काका, हे बोगदे कोणी काढले हो?" म्हटलं, बर्कलीने. तो म्हणाला, "कोण?" आजूबाजूच्या चार बाकांवर कुणालाच हे नाव माहीत नव्हतं. म्हणून हा धागा.

जेम्स जॉन बर्कली. जन्म १८१९, लंडन. नामवंत इंग्रज रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. १८५० च्या फेब्रुवारीत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून मुंबईत उतरला तेव्हा वय फक्त ३०. तीन वर्षांत, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तिथवरचा रस्ता सपाट होता, खरी परीक्षा पुढे सह्याद्रीची. आधी माळशेजमधून एकच चढ काढायचा बेत होता. बर्कलीने डोंगर मोजून काढले आणि तो बेत बाजूला सारला. नाशिककडे थळघाट, पुण्याकडे बोरघाट. आजही आपण त्याच दोन घाटांनी वर चढतो.

बोरघाटाचा चढ साधारण २५ किलोमीटर, उंची १,८३१ फूट, बोगदे २५, आणि काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट इतका उभा. काम चालू असतानाच तब्येत ढासळली, म्हणून १८६१ मध्ये मायदेशी परतला. २५ ऑगस्ट १८६२ ला गेला, ४२ व्या वर्षी. घाट सुरू झाला २१ एप्रिल १८६३ ला. आठ महिन्यांनी हुकला बिचारा. नाना शंकरशेटांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. पण या माणसाला आपण पार विसरलोय. मला हा कृतघ्नपणा वाटतो.

खोपोलीकर
काका, तुमच्या एका वाक्याला ठेच लागली. "बोगदे बर्कलीने काढले." बर्कलीने रेघ काढली. बोगदे काढले ते पहार-घण घेतलेल्या माणसांनी. १८६१ च्या सुमाराला घाटात एका वेळी ४२ हजार माणसं कामाला होती. त्यातलं एक नाव सांगा. एकच.

काही ठिकाणी कडा इतका सरळसोट होता की पाय टेकायलाही जागा नाही. वरून दोराने माणूस खाली सोडायचा, त्याने लटकत्या अवस्थेत काळ्या पाषाणात भोक पाडायचं, त्यात पहार ठोकायची, मग त्या पहारेवर पुढचा माणूस उभा राहणार. वर कॉलरा. किती मेले त्याचा धड हिशोबही कुणी ठेवला नाही. गोऱ्या साहेबाची जन्मतारीख, मृत्यूची तारीख तुम्हाला तोंडपाठ आहे. कृतघ्नपणाचं बोलायचं तर तिथून सुरुवात करू.

आणि शिंगरोबा? जुन्या रस्त्याने जाताना ट्रकवाले आजही त्याच्या देवळापाशी नाणं टाकतात. वाट दाखवली धनगराने आणि इंग्रजांनी त्यालाच गोळी घातली, असं सांगतात.

तिरकस
गाडी घाटात अडकली की मला बर्कलीही आठवत नाही आणि शिंगरोबाही. कर्जतला वडा का घेतला नाही, एवढंच आठवतं.

स्थापत्य८७
@तिरकस, तो वडासुद्धा बर्कलीमुळेच. चढ इतका उभा ठेवलाय म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लावावे लागतात. बँकर लागेपर्यंत गाडी उभी, म्हणून वडेवाला. 😄

आता खोपोलीकरांना. शिंगरोबाला माझाही नमस्कार, पण त्या गोष्टीवर बर्कलीला तोलू नका. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता. बर्कलीला 'वाट' शोधायचीच नव्हती. बैल चढतो तिथून इंजिन चढत नाही. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, पकड ती किती? त्यामुळे प्रत्येक वळणाला चढ किती, वळण किती, हे बसवत बसवत वर जायचं. खंडाळ्याच्या अलीकडे तर वळायला जागाच उरली नाही. तेव्हा त्याने रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी डोंगराच्या टोकावर जाऊन उभी राहायची, पुढे दरी. इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. २०२० मध्ये पाडलेल्या अमृतांजन पुलाजवळची ही जागा. १९२९ पर्यंत गाड्या अशाच जात होत्या. कागदावर ही युक्ती सुचणं म्हणजे 'रेघ काढणं' नव्हे हो. मी चाळीस वर्षं रेघाच काढल्या, म्हणून सांगतो.

सोनचाफा
दोघेही एक नाव गाळताय. अ‍ॅलिस ट्रेडवेल.

घाटाचं कंत्राट आधी फॅव्हिएलकडे होतं. त्याने १८५९ मध्ये काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येऊन महिनाही झाला नसेल, तोच आजाराने गेला. त्याची बायको बोटीत बसून परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना कामावर नेमलं आणि घाट पुरा केला. ४२ हजारांचा तो आकडा तिच्याच कंत्राटातला आहे. बर्कली आजारी पडून गेल्यावरही काम थांबलं नाही, ते का, याचं उत्तर इथे आहे.

खोपोलीकर
ताई, बरोबर. पण फॅव्हिएलने सोडलं "का", तेही लिहा ना. १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. पोटकंत्राटदार आणि मुकादम मजुरी अडकवायचे, माणसं उपाशी. शेवटी लोक उठले. सरकारने यातून धडा काय घेतला? १८६० चा कायदा केला, मालक-मजुरांच्या तंट्यांचा. त्यात काम सोडून जाणाऱ्या मजुरालाच शिक्षा! मुख्य अभियंता तेव्हा कोण होता, स्थापत्यकाका?

स्थापत्य८७
बर्कलीच होता. नाकारत नाही. पण मजुरी कंत्राटदार देतो, अभियंता कामाचं मोजमाप करतो.

खोपोलीकर
मोजमापाचंच बोलू मग. १८६७ च्या जुलैत घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. जेमतेम चार वर्षं झाली होती उद्घाटनाला. बाहेरून घडीव दगड आणि आत नुसता भराव, असं बांधकाम निघालं. ते मोजताना डोळे कुठे होते?

स्थापत्य८७
इथे मात्र मी गप्प. बांधकाम कंत्राटदाराचं, देखरेख कंपनीची, आणि कंपनीच्या देखरेखीचा वरिष्ठ बर्कली. तेव्हा तो हयात नव्हता एवढंच. १५ मैलांचा घाट आणि हाताखाली मोजके साहेब, हे कारण आहे, सबब नाही. मी त्याला देव म्हणत नाही, चांगला इंजिनियर म्हणतो. चांगल्या इंजिनियरचे पूलही पडतात.

लोहमार्गी
धागा काढताना वाटलं होतं, चार जण "छान माहिती" म्हणतील आणि संपेल. 🙏 खोपोलीकर, "बोगदे बर्कलीने काढले" हे वाक्य मागे घेतो. "बर्कलीने आखले" म्हणतो. कृतघ्नपणा मात्र मागे घेत नाही. ४२ हजारांची नावं मिळत नाहीत म्हणून मिळतं ते एक नावही टाकून द्यायचं, हे काही पटत नाही.

आणि तो नुसता साहेबी थाटात बसलेला नव्हता. जमशेटजी दोराबजींसारख्या इथल्या कंत्राटदाराला त्याच रेल्वेची मोठी कामं मिळाली आणि त्यांनी ती करून दाखवली, हेही त्याच्याच काळातलं.

खोपोलीकर
मिळतं ते नाव टाकू नका. फक्त पाटी लावाल तेव्हा खाली जागा सोडा.

पळसदरी
खूप दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. माझे वडील घाटात हिल गँगला होते. पावसाळ्याआधी कड्यावरचे सुटे दगड पाडायचं काम. कंबरेला दोर बांधून खाली सोडायचे, हातात पहार. बर्कली हे नाव घरी कधी ऐकलं नाही. बाबा बोगद्यांना नंबरानेच ओळखायचे. वरचं खोपोलीकरांचं दोराचं वाचलं आणि जरा चक्रावलोच. दीडशे वर्षांत तेवढं काही बदललं नव्हतं म्हणायचं.

लोहमार्गी
दोर कशाचा असायचा हो? काथ्याचा?

पळसदरी
आधी काथ्याचा. पुढे नायलॉनचा आला, तर बाबांना तो आवडायचा नाही. म्हणायचे, ओला झाला की हातातून सटकतो.