सल्ला हवा : एमएससी बायोकेमिस्ट्री झाली, आता बडोद्यात पीएचडी, कॉलेजात शिकवणं की हॉस्पिटलची लॅब?

रावपुऱ्याची_मावशी

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारते आहे. ती शेजारीच बसली आहे आणि "हे लिहू नकोस, ते लिही" चाललंय. यंदा इथल्या सयाजीराव विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एमएससी झाली, मार्क चांगले आहेत. तिला पीएचडी करायची आहे. माझ्या बहिणीचं म्हणणं, कुठल्या तरी कॉलेजात चिकटावं. जिजाजी म्हणतात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लाग, पहिल्या तारखेला पगार तरी मिळेल.

पीएचडीचं खूळ कुठून आलं तेही सांगते. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या बाई छोटाउदेपूरकडच्या. त्यांच्या मुलाला सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्ताचा आजार) आहे. एसएसजीला (सरकारी सयाजी हॉस्पिटलला) नेतात, तेव्हा कधीकधी ही सोबत जाते. तिथून आली की दोन दिवस तेच बोलत असते. बडोद्यात राहून तिला या विषयावर काम करता येईल का? कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. घर सोडायची तयारी नाही (तिची आहे, आमची नाही).

दांडियाबाजार_मास्तर

मावशी, मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, तेव्हा शिकवण्यापुरतं बोलतो. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर २०२३ च्या जुलैपासून नेट (देशपातळीची) किंवा सेट, स्लेट (राज्याची) यातली एक पात्रता परीक्षा पास असणं ही किमान अट आहे. पीएचडी नसली तरी अर्ज करता येतो. नेट म्हणजे तिच्यासाठी सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान परिषदेची लाइफ सायन्सेस. बायोकेमिस्ट्रीचा वेगळा पेपर नसतो, त्यामुळे वनस्पती, प्राणी, पर्यावरण सगळं चाळावं लागतं. गुजरातची सेट, म्हणजे जीसेट, तर आपलंच विद्यापीठ घेतं.

पण जीसेटवर गुजरातमध्येच नोकरी मिळते. उद्या लग्न होऊन पुण्या-नाशिकला गेली तर ते सर्टिफिकेट कपाटात. शिवाय सेटमध्ये फेलोशिप (संशोधनासाठी दरमहा मिळणारे पैसे) नाही. म्हणून आधी नेट, आणि हाताशी असावी म्हणून जीसेट.

आणि बडोद्यात बसून निराश काय व्हायचं! वेंकी रामकृष्णन इथेच वाढले. वडील आपल्या बायोकेमिस्ट्री विभागात प्राध्यापक, आई तिथेच पोषणावर संशोधन करायच्या. स्वतः १९७१ ला इथून बीएससी झाले ते फिजिक्समध्ये. अमेरिकेत पीएचडीही फिजिक्सचीच. ती हातात असताना पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि २००९ चं नोबेल मिळालं ते रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) रचनेसाठी, केमिस्ट्रीचं. पीएचडीचा विषय म्हणजे जन्माची गाठ नव्हे, एवढंच सांगायचंय.

पाचवं_वर्ष_चालू

सर, बडोद्याच्या प्रत्येक धाग्यात वेंकी येतातच 🙂 पण शेवटचं वाक्य सोळा आणे खरं.

मावशी, मी मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करतोय. आधी पैशाचं. नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी तिच्या पुढच्या टप्प्याचे, एसआरएफचे, ४२,०००, वर घरभाडं. नाही मिळाली तर गुजरात सरकारची शोध योजना आहे, महिना १५,०००, तेही दोनच वर्षं. पीएचडी दोन वर्षांत होत नाही. नियमाने किमान तीन, कमाल सहा. आणि हे पैसे दर महिन्याला येतीलच असं धरू नका. माझी फेलोशिप (कुठली ते जाऊ द्या) एकदा आठ महिने अडकली होती. ते आठ महिने मी बाबांच्या पेन्शनवर काढले आणि सेव-उसळही उधारीवर खाल्ली. तेव्हा जिजाजींचं पहिल्या तारखेचं म्हणणं अगदीच हसण्यावारी नेऊ नका.

आता खरा मुद्दा. विषय बघून गाइड निवडू नका, गाइड बघून विषय निवडा. मी उलटं केलं. विषय इतका आवडला की त्या लॅबमधली आधीची दोन मुलं मध्येच का सोडून गेली, हे विचारायचं सुचलंच नाही. दीड वर्षाने कळलं, मग लॅब बदलली. भाचीला सांगा, लॅबमध्ये संध्याकाळी सहानंतर जा. गाइड नसताना. शेवटच्या वर्षाच्या मुलांना चहा पाज आणि विचार : तुझ्याआधीचे आत्ता कुठे आहेत? मशीन बंद पडलं तर किती दिवसांनी दुरुस्त होतं? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? उत्तर द्यायला कुणी कचरलं तर तेच उत्तर.

पॅथॉलॉजीतली_ताई

मी इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. एमएससी करून आले तेव्हा वाटलं होतं, रोज नवं काही कळेल. पण रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) लावायचे, मशीन कॅलिब्रेट करायचं आणि साडेदहाच्या आत वॉर्डचे रिपोर्ट द्यायचे. काम चांगलं आहे, पण संशोधन नाही. ज्याला शिस्त आवडते तो टिकतो. भाची सिकल सेलच्या ओढीने येणार असेल तर कंटाळेल.

मेडिकल कॉलेजात शिकवू असं मनात असेल तर एक ऐका. एमएससी-पीएचडीवाल्यांचा बायोकेमिस्ट्रीतला वाटा पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत असायचा, २०२० च्या नियमांनी तो १५ वर आणला. त्यानंतरही फेरबदल चालूच आहेत. ताजं राजपत्र वाचल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

सिकल सेलबद्दल मात्र लिहावंसं वाटतंय. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने याला 'रेणूचा आजार' म्हटलं ते १९४९ साली. आपलं विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेजही त्याच सालचं. कारण इतकं जुनं माहीत असून, एकाच घरातल्या दोन भावांत एकाला दर महिन्याला ॲडमिट करावं लागतं आणि दुसरा शाळेत जातो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. कुणाच्या रक्तात लहानपणचं हिमोग्लोबिन एफ जास्त उरतं, त्याला त्रास कमी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच वाढवतं. पण कुणाला किती उपयोग होईल हे आधी सांगता येत नाही. तिथे तुमच्या भाचीसारखीचं काम आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलंय. तपासणीत 'आहे' किंवा 'नाही' कळतं, 'किती आणि का' नाही.

यासाठी दोन गाइड हवेत : एक विद्यापीठातले, एक वॉर्डातले डॉक्टर. नुसत्या विद्यापीठाच्या जोरावर पेशंटचं रक्त मिळत नाही आणि मिळूही नये. एथिक्स कमिटीची मंजुरी, पेशंटची लेखी संमती, लहान मुलं असतील तर आईबापांची संमती आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. यातच सहज काही महिने जातात.

आणि एक. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायला सांग, ईडीटीएच्या (हे रसायन रक्त गोठू देत नाही). एका रिसर्चवाल्या मुलाने आमच्याकडून चाळीस सॅम्पल हिरव्या टोपणाच्या नळीत नेली. त्यात हेपारीन असतं आणि ते पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया) बिघडवतं. एकाही सॅम्पलचा निकाल आला नाही. बिचारा महिनाभर प्रायमरला (पीसीआरमध्ये टाकायच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना) शिव्या देत होता.

कोथरूडकर

पुण्याला पाठवा हो. संस्थाच संस्था आहेत.

दांडियाबाजार_मास्तर

प्रश्न काय, उत्तर काय. मावशींनी वरच लिहिलंय.

रावपुऱ्याची_मावशी

सगळ्यांचे आभार. बहिणीला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं : सहा वर्षं म्हणजे मुलगी तिशीची, मधे लग्न, मूल?

पाचवं_वर्ष_चालू

नियमात सोय आहे. मुलींना दोन वर्षं जादा मिळतात आणि बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा. आमच्या लॅबमधल्या एका ताईने मुलगा झाल्यावर थिसिस दिला. अर्थात त्यात निम्मा वाटा सासूबाईंचा होता, हेही काकूंना सांगा.

रावपुऱ्याची_मावशी

मी भाची, मावशीच्या फोनवरून. सर, ताई, दादा, खूप मदत झाली. काल सहानंतर दोन लॅबमध्ये जाऊन आले. पहिल्या ठिकाणी कुणी धड बोलेना. दुसऱ्या ठिकाणी एक सीनियर दीड तास बोलली, पीसीआर मशीन गेल्या पावसाळ्यात पाच आठवडे बंद होतं हेसुद्धा स्वतःहून सांगितलं. त्यांच्या मॅडम बालरोग विभागातल्या एका डॉक्टरांबरोबर आधीपासून काम करतात.

ठरलंय ते असं : डिसेंबरची नेट आणि जीसेट दोन्ही देणार. तोवर त्या लॅबमध्ये बिनपगारी जाणार, बाबांना सहा महिने मागून घेतलेत. ताई, एक विचारायचं राहिलं. नळ्या वॉर्डातून विद्यापीठापर्यंत बर्फातून न्यायच्या का? स्कूटरने पंधरा मिनिटं लागतात.

पॅथॉलॉजीतली_ताई

डीएनएसाठी पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही, पण आइस बॉक्स असू दे, मे महिन्यातलं बडोदं आहे. बर्फाला नळी थेट टेकू देऊ नकोस, पेशी फुटतात. आणि नळीवर नाव नाही, कोड नंबर लिही. तोही स्कूटर सुरू करायच्या आधी.