मा राजाचं टेकाड, पण राजाचा पत्ता नाही! दंतकथांना किती भाव द्यायचा?

पारावरचा
चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराच्या पूर्वेला मातीची दोन टेकाडं होती, एकमेकांना खेटून. लोक त्यांना म्हणायचे मावांगदुई, म्हणजे 'मा राजाचं टेकाड'. दहाव्या शतकात चांगशाहून राज्य करणारा मा यिन तिथे पुरलाय, ही पिढीजात समजूत. एका जुन्या ग्रंथात वेगळंच: हान घराण्यातला राजपुत्र ल्यू फा, त्याची आई आणि आणखी एक राणी, अशी जोडसमाधी.

१९७२ साली खणलं आणि दोन्ही कथा आडव्या पडल्या. आत निघाली शिन चुई. चांगशा राज्याचा प्रधान ली त्सांग, त्याची बायको. काळ इसवीसनपूर्व दुसरं शतक, मा यिनच्या हजारएक वर्षं आधीचा. शेजारच्या थडग्यात नवरा, तिसऱ्यात बहुधा मुलगा.

माझं म्हणणं सरळ आहे. टेकाडाच्या पोटात कोण आहे हे गावाला कधीच माहीत नसतं. 'स्थानिक परंपरेचा आदर' वगैरे ठीक आहे, पण इतिहास म्हणून तिची किंमत शून्य.

ओसरी
शून्य कसं? 'इथे राजा झोपलाय' या धाकानेच टेकाड टिकलं असणार. नाहीतर कुणीतरी कधीच सपाट करून भाजी लावली असती.

पारावरचा
'असणार' म्हणजे पुरावा नाही. उलट ली त्सांगचं थडगं चोरांनी आधीच फोडलं होतं. राजा म्हटलं की नांगर थांबत असेल, कुदळ थांबत नाही.

अर्धविराम
एक गंमत. काहींच्या मते मूळ नाव 'मा-आन-दुई', खोगिराचं टेकाड. दोन उंचवटे आणि मधे खोलगट, दिसायला खोगीरच. पुढे उच्चार घसरला आणि खोगिराचा राजा झाला. हे खरं असेल तर बिचारा मा यिन अपभ्रंशातून तिथे जाऊन पडला.

गोदाकाठ
आमच्या नाशिकची पांडवलेणी घ्या की. भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन घराण्याचा, ढळढळीत कोरलेला. तरी रिक्षावाल्याला 'सातवाहन लेणी' म्हणून बघा, कुठे सोडतो ते. पारावरच्याशी सहमत.

कुदळफावडं
थांबा. तुम्ही सगळे नावावर भांडताय. हे थडगं सापडलं कसं ते कुणी सांगेल का?

१९७१ च्या अखेरीस तिथल्या लष्करी रुग्णालयाचं भूमिगत आश्रयस्थानाचं खोदकाम चाललं होतं. माती सारखी ढासळायला लागली म्हणून सळ्या मारून पाहिल्या, तर भोकातून वायू फुसफुसत वर आला. ज्योत लावली तर निळसर जळायला लागला. चांगशाच्या जुन्या लोकांकडे याला आधीपासून शब्द होता, त्याचा अर्थ साधारण 'आगीचं बीळ'. थडगं घट्ट बंद असलं की आतलं कुजून वायू साठतो. म्हणजे आग निघाली तर आतला माल शाबूत. आणि तसंच निघालं! पाच टनांहून जास्त कोळसा, त्याभोवती पांढऱ्या चिकणमातीचा जाड थर, आत एकात एक चार शवपेट्या. बाईची कातडी मऊ, सांधे वळतायत, पोटात खरबुजाच्या १३८ बिया.

हे ज्ञान कुठल्या विद्यापीठातलं? तेही गावाचंच ना? राजाची गोष्ट सांगणारं तोंड चुकलं, पण माती उकरणारे हात चुकले नाहीत. दोघांना एकाच पोत्यात भरू नका.

पारावरचा
मुद्दा आवडला नाही, पण मान्य. फक्त त्याला दंतकथा म्हणू नका, तो धंद्याचा अनुभव आहे. शिवाय पुरातत्त्वज्ञ श्या नाय आणि मंडळींनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही टेकाडं हानकालीन आहेत असं ओळखलं होतं. आग नसती तरी कधीतरी उलगडा झालाच असता.

ओसरी
'कधीतरी'! तोवर रुग्णालयाने वर काय बांधलं असतं कोण जाणे.

शेवाळ
मी तिसऱ्याच बाजूला. उघडलंच कशाला? एका लाखेच्या भांड्याचं झाकण काढलं तर पाण्यावर कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या, भोकांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचं सूप. भांडं हलवताना धक्के बसले आणि चकत्या विरघळून गेल्या. आता उरलाय फक्त फोटो. शिआनजवळ चीनचा पहिला बादशहा छिन शि ह्वांग, त्याच्या समाधीचा ढिगारा अजून बंद आहे तेच बरं. आत पाऱ्याच्या नद्या वाहतात असं जुन्या इतिहासकाराने लिहिलंय, आणि वरच्या मातीत पारा खरोखरच जास्त सापडलाय. ती दंतकथा तरी शून्याची नाही, काय पारावरचा?

पारावरचा
ती लेखी आहे, आणि बादशहा गेल्यावर शंभरएक वर्षांतली. फरक आहे.

कुदळफावडं
शेवाळ, चकत्यांचं वाईट मलाही वाटतं. पण न उघडता त्या रेशमी अंगरख्याचं काय झालं असतं? पायघोळ, लांब बाह्यांचा, आणि वजन ४९ ग्रॅम. एका अंड्याएवढं! तिसऱ्या थडग्यातली रेशमावरची पुस्तकं, त्यात ताओ विचाराचा गुरू लाओत्झू, त्याच्या ग्रंथाच्या दोन प्रती, हे सगळं चिखलात गेलं असतं. सूप देऊन पुस्तकं मिळाली, मला सौदा मंजूर आहे.

शेवाळ
तुम्हाला मंजूर. बाईंना विचारलं होतं का? :)

अर्धविराम
बाईंच्या घरच्यांनी मात्र नावाचा घोळ होऊ नये म्हणून काळजी घेतली होती. लाखेच्या भांड्यांवर लिहून ठेवलंय: 'दाय उमरावाच्या घरचं', म्हणजे ली त्सांगच्या, ती त्याची पदवी. आपल्या आज्या स्टीलच्या डब्यावर नाव घालून घ्यायच्या तसंच, लग्नकार्यात शेजारी गेलं तरी परत यावं म्हणून. आणि पेल्यांच्या आत, दारू संपल्यावर दिसेल असं: 'घ्या, प्या'.