शब्दचर्चा : सहमूळ, मसाअ आणि दृढ

प्रश्न (खानापूर) : दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी.ला नंबर थिअरी इंग्रजीतून. 'रिलेटिव्हली प्राइम' म्हणजे आपल्या सहमूळ संख्या, एवढं कळलं. पण 8 आणि 15 सहमूळ कशा? दोन्हींतली एकही मूळ नाही. आणि कानडी माध्यमातून आलेली मैत्रीण मसाविला 'मसाअ' म्हणते, त्यातला 'अ' कसला?

उत्तर (टिळकवाडी) : 'सहमूळ' हे विशेषण एका संख्येचं नाही, जोडीचं आहे. '15 ही सहमूळ संख्या' म्हणणं म्हणजे नुसतं 'हा मावसभाऊ' म्हणण्यासारखं. कोणाचा, ते सांगितल्याशिवाय अर्थ लागत नाही. 8 चे विभाजक 1, 2, 4, 8. 15 चे 1, 3, 5, 15. सामाईक फक्त 1. अट तेवढीच. म्हणूनच लागोपाठच्या दोन संख्या नेहमी सहमूळ असतात: दोन्हींना जी संख्या भागते ती त्यांच्या फरकालाही भागते, आणि फरक तर 1.

मसाअ म्हणजे 'महत्तम सामान्य अपवर्तन'. लसाविला कानडीत लसाअ, पण तिथला 'अ' अपवर्त्य. आपल्याकडेही तसंच: मसावितला 'वि' विभाजक, लसावितला 'वि' विभाज्य. पूर्ण शब्द म्हणायची सवय ठेव, घोटाळा होणार नाही.

भर (निपाणी) : अपवर्तन हा शब्द कानडीपुरता नाही बरं का. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) कुट्टकाच्या, म्हणजे पूर्ण संख्यांत उत्तर शोधायच्या समीकरणांच्या, प्रकरणात तो आहे. दोन संख्यांनी एकमेकींना भागत जायचं, शेवटची शून्य नसलेली बाकी म्हणजे अपवर्तन. 252 आणि 105 घे. 252 ला 105 ने भागलं, बाकी 42. 105 ला 42 ने, बाकी 21. 42 ला 21 ने भाग पूर्ण गेला. अपवर्तन 21. कॉलेजात हीच रीत युक्लिडच्या नावाने शिकवतात. आता दोन्हींना 21 ने भाग, 12 आणि 5 उरतात. अशा भाज्य-हारांना (भाज्य म्हणजे जिला भागायचं ती संख्या, हार म्हणजे भाजक) भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. आपल्या सहमूळच त्या! मला हा शब्द फार आवडतो. 'यातली मूळ कुठली?' हा प्रश्नच त्यात उठत नाही.

प्रश्न (खानापूर) : छान समजलं. मग 6, 10, 15 या तिन्ही मिळून सहमूळ म्हणायच्या का?

उत्तर (टिळकवाडी) : इथे जपून. तिन्हींचा मसावि 1 आहे, म्हणून 'एकत्र सहमूळ' म्हणता येईल. पण 6 आणि 10 ला 2 भागतो, 10 आणि 15 ला 5, 6 आणि 15 ला 3. एकही जोडी सहमूळ नाही. बाक्यांवरून संख्या शोधायच्या चिनी शेष प्रमेयात भाजक 'जोडीजोडीने सहमूळ' लागतात, नुसतं 'सहमूळ' लिहून भागत नाही. 6 ने भागून बाकी 1 आणि 10 ने भागून बाकी 2 उरेल अशी संख्या शोधून बघ. पहिली अट तिला विषम ठरवते, दुसरी सम.