सेंट्रल पार्क सायकलवरून: गाईडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

पाणकावळा
मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्कला जाणं होतंय, मुक्काम नणंदेकडे जर्सीत, आणि सेंट्रल पार्कसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवलीय. मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी आणि सासरे, वय ६८ पण रोज सायकल चालवणारे, दम आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. सासूबाई सायकल चालवत नाहीत पण बागेत यायचंच आहे म्हणतात.

नेटवर बघितलं तर दोन तासांच्या गाईडेड सायकल टूर ढीगभर दिसतायत, सगळ्यांचे फोटो तेच आणि वर्णनही तेच, कुठली कशी काही कळत नाही. नवऱ्याचं म्हणणं सायकली भाड्याने घेऊ आणि मॅप लावून फिरू, बागच तर आहे, गाईड कशाला. मला मात्र वाटतं की नुसती गोल चक्कर मारून परत आलो तर काय बघितलं? कोणी केलीय का अशी टूर? चढ किती आहे? मुलीला झेपेल का? आणि सासूबाईंचं काय करावं?

हडसनपार
ताई, आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा सेंट्रल पार्क मागतोच त्यामुळे यात बऱ्यापैकी मुरलोय. पहिल्यांदा जात असाल तर गाईड घ्या, सरळ सांगतो.

कारण असं की ती बाग आपण समजतो तेवढी नाहीये. ८४३ एकर, ५९व्या स्ट्रीटपासून ११०व्या स्ट्रीटपर्यंत (आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात), लांबी साधारण ४ किमी आणि रुंदी पाऊण किमीच्या आसपास. सायकलसाठी आतून एक रिंगरोड आहे, ६.१ मैल म्हणजे जवळजवळ १० किमी. तो वन वे आहे, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून वर जायचं आणि पश्चिमेकडून खाली यायचं. २०१८ पासून त्या रस्त्यावर गाड्या पूर्ण बंद, त्यामुळे मुलीची काळजी नको.

पण खरी गोम पुढे आहे. बघण्यासारखं जे जे आहे ना, बेथेस्डा फाउंटन, बो ब्रिज, मॉल म्हणजे एल्म झाडांमधला तो लांबलचक रुंद पायरस्ता, बेल्व्हेडिअर कॅसल, यातलं जवळजवळ काहीच रिंगरोडवर नाही, सगळं आतल्या पायवाटांवर आणि त्या पायवाटांवर सायकल चालवायला बंदी. उतरायचं, सायकल स्टँडला लावायची किंवा हातात धरून चालायचं. आपलं आपण गेलं की होतं काय, एकदा पेडल मारायला लागलं की थांबवत नाही, मस्त उतार लागतो, वारा लागतो, आणि तासाभरात माणूस चक्कर पूर्ण करून विचारतो, हं, कारंजं कुठे होतं? गाईडला कुठे थांबायचं, कुठून दोन मिनिटं चाललं की काय दिसतं हे पाठ असतं. पैसे त्या थांबण्याचे द्यायचे, सायकलचे नाही.

चढाचा_राजा
हडसनपार यांच्याशी अर्धाच सहमत.

गाईड वाईट नसतात, पण टूर बुक करायच्या आधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही ७२व्या स्ट्रीटच्या वर कुठपर्यंत जाता? बागेत दोन शॉर्टकट आहेत. ७२ला आडवं गेलं की लूप फक्त १.७ मैलांचा होतो, पावणेतीन किमी. १०२ला आडवं गेलं की साधारण ८ किमी, त्यात फक्त उत्तरेचा हार्लेम हिल टळतो. नाव टूर ऑफ सेंट्रल पार्क आणि फिरवलं खालचा तिसरा हिस्सा, असंही चालतं. आम्हाला एका कंपनीने तसंच फिरवून आणलं, वेबसाईटवर फोटो मात्र तलावासकट सगळे. गर्दी, घोडागाड्या, त्या घोड्यांचा रस्त्यावरचा प्रसाद, पेडीकॅबवाले (म्हणजे सायकलरिक्षा), सेल्फीवाले हे सगळं त्याच खालच्या भागात कोंबलेलं असतं. वर गेलं की बाग एकदम मोकळी होते.

आता चढाबद्दल. दोनच आहेत खरे. पहिला पूर्वेकडे ७२ ओलांडल्यावर लगेच, कॅट हिल म्हणतात, वर खडकावर दबा धरून बसलेल्या काळ्या मांजरवर्गी जनावराचा ब्रॉंझचा पुतळा आहे, १८८३ सालचा, गाईड नसेल तर दहातले नऊ जण न बघता पुढे जातात. हा चढ छोटा आहे, मुलगी उतरून ढकलेल फार तर. दुसरा हार्लेम हिल, उत्तर टोकाला तळ्याकडे झकास उतार मिळतो आणि त्याची वसुली लगेच पुढच्या वळणावर. तो लांब आहे. सासऱ्यांना मजा येईल, मुलीला येणार नाही.

आणि महत्त्वाचं, सायकल हातात आली की आधी ब्रेक दाबून बघा. तिकडे डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडच्या बऱ्याचशा सायकलींना उजव्या हाताचा. सासऱ्यांना इतक्या वर्षांची सवय असणार त्यामुळे त्यांनाच जास्त सांगा, उतारावर सवयीने डावा करकचून दाबला तर पुढचं चाक अडकतं.

पाणकावळा
बापरे, ब्रेकचं कोणीच सांगितलं नव्हतं! सासऱ्यांना आत्ताच वाचून दाखवलं, ते म्हणाले मी काय नवशिका आहे का, पण दोन मिनिटांनी गॅलरीत जाऊन स्वतःच्या सायकलचे ब्रेक दाबून बघत होते 😄

चढाचा_राजा
😄 त्यांना माझा नमस्कार सांगा. अजून एक, तारीख नक्की कधी? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते आणि ती संपते सेंट्रल पार्कमध्येच. आधीचे काही दिवस फिनिश लाईनच्या बाजूला मांडव, कठडे वगैरे सुरू होतं, आणि त्या रविवारी सायकल विसराच. त्याच्या आधीचा आठवडा पकडा, पानांचा रंगही साधारण तेव्हापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत छान असतो.

जुनीपानं
उशिरा आले पण राहवलं नाही. सगळे चढ, ब्रेक, किलोमीटर बोलतायत, बाग मात्र तशीच राहिली.

पहिली गोष्ट म्हणजे ती बाग निसर्गाने दिलेली नाही, जवळजवळ सगळी बांधलेली आहे. तळी खोदलेली, टेकड्या रचलेल्या, झाडं लावलेली. १८५८ मध्ये स्पर्धा झाली, ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांचा आराखडा जिंकला आणि काम १८७६ पर्यंत चाललं. त्या आराखड्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तुम्ही सायकलवरून जाताना दिसणारच नाही, आणि ती दिसू नये हाच त्यांचा डाव होता: शहराची रहदारी बागेतून आरपार नेणारे चार आडवे रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली खणून काढले. तुम्ही वरून पेडल मारत जाता आणि खालून बस, टॅक्सी, ट्रक जातायत. मोटार जन्मायच्या आधीचा विचार आहे हा! गाईडला सांगा एखाद्या ठिकाणी थांबव आणि कठड्यावरून खाली बघू दे, मुलीला नक्की आवडेल.

दुसरी गोष्ट सेनेका व्हिलेज. पश्चिमेच्या बाजूला ८२ ते ८९व्या स्ट्रीटच्या दरम्यान १८२५ पासून एक वस्ती होती, बहुतेक कृष्णवर्णीय लोकांची, स्वतःच्या मालकीच्या जमिनी, घरं, तीन चर्च, शाळा. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता असणं सक्तीचं होतं, गोऱ्यांना ती अट नव्हती. त्यामुळे तिथलं एक घर म्हणजे नुसतं घर नव्हतं, मताचा हक्क होता. पुढे आयरिश कुटुंबंही येऊन राहिली, शेवटी सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. बाग करायची म्हणून सरकारने जमीन ताब्यात घेतली आणि १८५७ मध्ये वस्ती उठवली. मोबदला दिला, पण गाव गेलं ते गेलं. आज तिथे माहितीचे फलक आहेत, बाकी गवत आणि झाडं. आणि नेमका तिथेच रिंगरोडला उतार असल्याने सगळे सुसाट निघून जातात. माझ्या मते गाईड चांगला की वाईट हे ओळखायची खूण हीच, तो इथे थांबतो का. सिनेमात कुठला सीन कुठल्या पुलावर झाला आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणता नट राहतो एवढंच सांगणारे गाईड पुष्कळ, तुम्ही बुकिंगच्या वेळीच विचारा.

आणि बेथेस्डाला गेलात की कारंज्याकडे धावायच्या आधी पायऱ्यांखालच्या कमानीत मान वर करून छत बघा, १५,०००हून जास्त रंगीत टाईल्स आहेत. कारंज्यावरची देवदूत एमा स्टेबिन्स या शिल्पकर्तीची, १८७३ मध्ये बसवली. शहरात स्वच्छ पाणी आणणाऱ्या क्रोटन योजनेची आठवण म्हणून ती आहे, नुसती शोभेची बाई नाही.

हडसनपार
जुनीपानं, सेनेका व्हिलेजच्या इथून इतक्या पाहुण्यांना नेलंय पण २५० डॉलरची भानगड माहीत नव्हती. पुढच्या पाहुण्यांना ऐकवतो.

सासूबाईंबद्दल राहिलंच. पेडीकॅब हा पर्याय दिसतो पण जपून. भाडं मिनिटावर असतं आणि तो दर गाडीवर लावलेला असावा असा नियम आहे, बसायच्या आधी पाटी वाचा, किती मिनिटं लागतील ते विचारा आणि मग बसा. नाहीतर गप्पा मारत मारत हळूहळू नेतात आणि उतरताना आकडा ऐकून घाम फुटतो. त्यापेक्षा मला विचाराल तर त्यांना चालत मॉलवरून बेथेस्डापर्यंत नेऊन ठेवा, रस्ता सपाट आहे, बाकं भरपूर, बाजूला कोणीतरी वाजवत असतं. टूर तिथे थांबतेच, तेव्हा सगळे एकत्र. नणंद असेल सोबत तर प्रश्नच मिटला.

मुलीचं सांगायचं तर १४ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, मागून घ्या, दुकानात देतात. सिटी बाईकच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्टँडवरून भाड्याने घ्यायच्या सायकलींचा विचार करू नका, त्या १६ वर्षांखाली चालतच नाहीत. टूरवाल्यांकडे लहान सायकल किंवा मोठ्या सायकलला मागे जोडायची एका चाकाची अर्धी सायकल मिळते, पण मुलीची उंची आधी कळवायला हवी, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

पक्षीमित्र_गप्प
एकच सांगतो. रॅम्बल चुकवू नका. बो ब्रिज ज्यावर आहे त्या तळ्याच्या उत्तरेला ३६ एकरांचं जंगलासारखं रान आहे, वळणावळणाच्या वाटा, सायकल अजिबात नाही. बागेत २०० हून जास्त जातींचे पक्षी नोंदलेत आणि ऑक्टोबर म्हणजे स्थलांतराचा काळ, दक्षिणेकडे निघालेले पक्षी सिमेंटच्या समुद्रात हा हिरवा तुकडा बघून उतरतात. टूर संपली की सायकल परत करा आणि पायी जा. कोणतीही सायकल टूर तुम्हाला हे दाखवू शकत नाही.

पाणकावळा
किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! नवऱ्याने पूर्ण धागा वाचला आणि मॅपवाला पक्ष मागे घेतलाय. सध्याचा बेत असा: सकाळी लवकर, छोटा ग्रुप असलेली टूर, १०२ पर्यंत जाणारी, सेनेका व्हिलेजला थांबणार का हे ईमेल करून विचारलंय. सासूबाई आणि नणंद थेट बेथेस्डाला. टूर संपल्यावर सासऱ्यांना एकट्याला एक पूर्ण चक्कर मारायची आहे हार्लेम हिलसकट, तोवर आम्ही रॅम्बलमध्ये. आता भीती एकच, ते एकटे असताना रस्ता चुकले तर? फोन आहे पण तिकडचं नेटवर्क आणि त्यांचं फोन वापरणं दोन्ही बेभरवशाचं.

चढाचा_राजा
रिंगरोड सोडला नाही तर चुकायला वावच नाही, फिरून तिथेच येतात. तरी दिव्याच्या खांबांची युक्ती सांगून ठेवा. प्रत्येक खांबावर चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे जवळचा स्ट्रीट, आणि शेवटचा आकडा विषम असेल तर तुम्ही बागेच्या पश्चिमेला, सम असेल तर पूर्वेला. म्हणजे ७२३५ दिसलं की ७२वा स्ट्रीट, पश्चिम. शंभरच्या पुढे पहिला एक गाळतात, ०४ ने सुरू झालं तर १०४वा. फोन लागला की सासऱ्यांनी फक्त तो नंबर वाचायचा, कुठे आहात हे तुम्हाला कळतं. आणि कानात इयरफोन घालायचेच असतील तर एकाच कानात, दोन्हीत घातले तर दंड होऊ शकतो.

पाणकावळा
खांबाचं भारीच आहे! सासरे आत्तापासून विचारतायत ०६ ने सुरू झालं तर काय 😄 कंपनीचं उत्तर आलं की टाकते इथे.